उन्हाळ्यात मॉडेल गाडीचा रंग खरखरीत का बसतो?

मार्च सरत आला की मराठवाड्यातल्या मॉडेल गाड्या करणाऱ्यांकडून दर वर्षी एकच तक्रार ऐकू येते. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) छान बसला, जोड घासून एकसारखे झाले, मग रंग मारला आणि केबिनच्या टपावर, खिडक्यांच्या वर, बंपरच्या कोपऱ्यात बारीक रव्यासारखी खर आली. रंग ग्लॉस, पण चमक कुठेच नाही. माणूस घासतो, पुन्हा मारतो, पुन्हा तेच. मग रंगाची कंपनी बदलतो, नवा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी छोटी गन) घ्यायचा विचार करतो. जून लागला की त्रास आपोआप जातो, म्हणून मुळाशी कुणी जात नाही आणि पुढच्या एप्रिलात तेच सगळं पुन्हा सुरू होतं.

हा दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. नोझलमधून निघालेला थेंब मॉडेलवर पोहोचेपर्यंत अर्धामुर्धा वाळलेला असतो. ओला थेंब पृष्ठभागावर पडला की पसरतो, शेजारच्या थेंबात मिसळतो आणि सपाट होतो. वाळत आलेला थेंब पडेल तसाच बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. यालाच ड्राय स्प्रे म्हणतात. डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही गॅरेजमध्ये उन्हाळ्यात जाऊन उभे राहा, खऱ्या गाडीवरही हाच त्रास दिसेल. परभणीतल्या एका जुन्या पेंटरकाकांनी माझ्या हातातली केबिन उजेडात तिरकी धरून एका वाक्यात निदान केलं होतं: "गन लई लांब धरायलास, रंग वाटेतच वाळायलाय." त्यांच्याकडे उन्हाळ्याचं थिनर वेगळं असतं आणि पावसाळ्याचं वेगळं. आपल्याही टेबलावर तसंच असायला हवं, आणि या लेखातलं अर्ध्याहून अधिक उत्तर तेच आहे.

मॉडेलवर हा दोष इतका का डोळ्यात भरतो, याचं गणित सोपं आहे. १:२४ प्रमाणात ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या ट्रकवर २.४ मिलिमीटरचा खडा. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते. तीच जाडी १:२४ ला आणली तर ४ ते ६ मायक्रॉन होते. इतका पातळ थर आपल्याला कधीच जमत नाही, त्यामुळे आपला रंग मुळातच जाड दिसतो. त्यावर खर आली की गाडी लगेच खेळण्यातली वाटायला लागते.

आधी नक्की करा, खर कसली आहे

उपाय करण्याआधी ओळख पटवणं गरजेचं आहे, कारण दिसायला सारखे असणारे चार-पाच दोष आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि भिंगातून बघा.

ड्राय स्प्रे असेल तर कण सगळीकडे सारख्याच आकाराचे आणि रंगाच्याच छटेचे दिसतील. तो ठरावीक जागी जास्त असतो: आतल्या कोपऱ्यात, कडांच्या पलीकडे, आणि ज्या भागावर तुम्ही थेट फवारलं नाही पण बाजूचा फवारा उडून आला तिथे. म्हणजे केबिनची बाजू मारताना टपावर, टप मारताना बॉनेटवर. नखाने हलकं खरवडलं तर वरचे कण भुकटी होऊन निघतात.

धूळ असेल तर कण विखुरलेले, लहानमोठे, अधूनमधून एखादा तंतू. ऑरेंज पीलमध्ये (संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा रंग) कण नसतात, गुळगुळीत लहान लहान उंचवटे असतात आणि त्यांना चमकही असते. तिथे रंग जाड होता किंवा थेंब मोठे पडले. थिनरने प्लॅस्टिक खाल्लं असेल तर बारीक भेगांचं जाळं दिसतं, बरेचदा मोल्डच्या कडांपाशी, आणि घासलं तरी खालून पुन्हा वर येतं. पावसाळ्यातला पांढुरका पडदा वेगळाच, त्याकडे नंतर येतो.

भेगांबद्दल इथेच बोलून टाकतो. बहुतेक किटचं (जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचं) प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन अशी द्रावकं (रंग विरघळवणारी द्रव्यं) असतात आणि ती पॉलिस्टायरीन विरघळवतात. चांगल्या प्रायमरवर अगदी पातळ थरात काही जण ते निभावून नेतात, पण उघड्या प्लॅस्टिकवर ते कधीच नको. चाचणीसाठी घरात पडलेल्या जुन्या सीडीचं पारदर्शक कव्हर काढा. तेही पॉलिस्टायरीनचंच असतं. नवं थिनर, नवा डबा, दुकानदाराने दिलेला नवा रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव्य), काहीही असो, आधी त्यावर एक ओला थर मारायचा. पारदर्शक असल्यामुळे मागून बघितलं की प्लॅस्टिक धूसर झालं का हे लगेच कळतं. रंगाची खरही त्यावरच तपासता येते. मी तर प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला त्याचा एक तुकडा वापरतो. सेंटी कंपनीसारख्या खेळण्यातल्या बस-ट्रकवर नवा रंग चढवायचा असेल तर प्लॅस्टिक कुठलं ते माहीत नसतं, तिथे गाडीच्या पोटाच्या आतल्या बाजूला चाचणी घ्या.

आपल्याकडची हवा

रंगाच्या बाटलीवरच्या सूचना आणि बहुतेक व्हिडिओ थंड किंवा दमट देशांत तयार झालेले असतात. खोलीत वीस-पंचवीस अंश आणि आर्द्रता पन्नास-साठ टक्के, हे त्यांनी न सांगता गृहीत धरलेलं असतं. परभणी, नांदेड, जालना, बीड इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि दुपारी आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली येते. पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको. अशा हवेत लॅकरचं (द्रावकावर आधारलेल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचं) द्रावक झपाट्याने उडतं. पाण्यावर आधारलेल्या रंगांना कोरडेपणाचाही वेगळा मार बसतो, कारण पाणी किती लवकर उडणार हे हवेतल्या बाष्पावर ठरतं. म्हणून व्हॅलेहो कंपनीसारखा पाण्याचा रंग मे महिन्यात नोझलच्या सुईवरच वाळतो आणि थुंकल्यासारखे थेंब उडतात.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: वेळ बदला. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सकाळी आठ हाच रंगाचा वेळ. तेव्हा तापमान दुपारपेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी असतं, आर्द्रता दुपटीहून जास्त असते आणि वारा पडलेला असतो. रात्री उशिराचं मला पटत नाही. भिंती आणि पत्रे दिवसभराची उष्णता सोडत असतात, खोली बाहेरच्यापेक्षा गरमच राहते.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी हवामानाचं पत्रक निघतं. त्यात कमाल-किमान तापमान, सकाळची आणि दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग असं सगळं असतं. शेतकरी ते फवारणीसाठी वाचतात तसं आपणही वाचावं. पिकावरची फवारणीसुद्धा भर दुपारी करू नका असंच सांगतात, आणि त्यातलं एक कारण आपलंच आहे. स्वस्तात मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक टेबलावर ठेवला तर आणखी बरं. कुठल्या आकड्याला कुठलं मिश्रण चाललं हे डब्यावर लिहून ठेवत गेलात की एका हंगामात तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही परदेशी सल्ल्यापेक्षा उपयोगाचा ठरतो.

अंतर, दाब आणि थिनर

वेळ साधूनही खर येत असेल तर या तीन गोष्टी याच क्रमाने बदला, आणि एका वेळी एकच. तिन्ही एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

अंतर. ०.३ मिलिमीटर नोझलच्या एअरब्रशने साधारण १० ते १२ सेंटिमीटरवरून मारतात. उन्हाळ्यात ते ६ ते ८ वर आणा. जवळ गेलात की ओघळ यायची भीती असते, म्हणून ट्रिगर कमी ओढायचा आणि हात थोडा वेगाने न्यायचा. ही सवय सीडीच्या कव्हरवरच लावून घ्या.

दाब. २० पीएसआयवर (हवेचा दाब मोजायचं एकक) मारत असाल तर १२ ते १५ वर या. दाब जास्त म्हणजे थेंब बारीक, आणि थेंब जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग त्याच्या आकाराच्या मानाने मोठा, तितका तो लवकर वाळणार. शिवाय जोराची हवा पडलेला थरही वाळवत राहते. याच कारणाने मोठ्या भागांना, म्हणजे ट्रकचा हौदा किंवा बसची पूर्ण बाजू, ०.५ चं नोझल उन्हाळ्यात जास्त चांगलं काम करतं.

थिनर. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. खर आली की लोक त्याच थिनरने रंग आणखी पातळ करतात. थोडा फरक पडतो, पण पातळ रंग आणखी बारीक फुटतो आणि झटपट उडणारं थिनर झटपटच उडतं. बदलायचा असतो थिनरचा उडण्याचा वेग. त्यासाठी रिटार्डर असलेलं थिनर घ्यावं लागतं. मिस्टर हॉबीचं लेव्हलिंग थिनर किंवा तामियाचं रिटार्डर प्रकारचं लॅकर थिनर ही दोन नावं बहुतेकांना माहीत आहेत. मिस्टर कलर आणि तामियाचे एलपी हे लॅकर रंग दोन्ही त्यात उत्तम बसतात. तामियाचे एक्स मालिकेतले ग्लॉस अ‍ॅक्रिलिक नेहमीच्या एक्स-२०ए थिनरने उन्हाळ्यात फार खरखरीत येतात, तेही लेव्हलिंग थिनरने मारले तर ओळखू येऊ नयेत इतके सपाट बसतात. लॅकर एरवी एकास एक मिसळत असाल तर उन्हाळ्यात एक भाग रंगाला दीड ते दोन भाग हे थिनर घेऊन बघा.

हे थिनर ऑनलाइन मागवावं लागतं आणि महाग पडतं. सगळीकडे तेच वापरायची गरज नाही. प्रायमर आणि चासी साध्या थिनरने, आणि शेवटचे दोन रंगाचे थर व क्लिअर (वरचा पारदर्शक थर) तेवढे महागाच्या थिनरने, असं केलं की एक बाटली बरीच पुरते. वेगळा रिटार्डर मिळाला तर तो थिनरच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. जास्त पडला की थर आठवडाभर मऊ राहतो आणि बोटाचे ठसे उमटतात. पाण्याच्या रंगांना त्यांचाच रिटार्डर किंवा फ्लो इम्प्रूव्हर (रंग वाहता ठेवणारं द्रव्य) लागतो, कपभर रंगात काही थेंब, आणि दर दोन-तीन मिनिटांनी सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसायचं.

थर ओला पडतोय की नाही हे कसं ओळखायचं? ट्यूबलाइट किंवा टेबललॅम्प असा ठेवा की त्याचं प्रतिबिंब मारत असलेल्या भागात दिसेल. पहिला थर नुसता धूसर, पकड येण्यापुरता. पाच-दहा मिनिटं थांबायचं. दुसऱ्या थराला हात पुढे सरकला की मागे प्रतिबिंबाची कड स्पष्ट उमटली पाहिजे. कड उमटून लगेच विरली तर थर पातळ पडतोय किंवा फार भराभर वाळतोय. पट्टा निम्म्यावर निम्मा चढवत न्या. रंगाकडे न बघता प्रतिबिंबाकडे बघायची सवय लागली की अर्धी लढाई जिंकलात.

ट्रकची गोष्ट वेगळी

कारपेक्षा ट्रकवर ही खर जास्त येते, कारण ट्रक म्हणजे खोक्याला जोडलेली खोकी. आतल्या कोपऱ्यात हवा आपटून परत येते, थेंब तिथेच घोटाळतात आणि वाळून चिकटतात. केबिनच्या काचेवरची झडप, आरशांचे दांडे, हौद्याच्या फळ्यांमधल्या खाचा, फाळक्याच्या मागची बाजू, डिझेलच्या टाकीमागची चासी, या खरेच्या ठरलेल्या जागा.

भारतीय ट्रकची तयार किट सहज मिळत नाहीत, म्हणून आपल्यातले बरेच जण एखाद्या युरोपीय ट्रकच्या चासीवर स्टायरीनच्या पट्ट्यांनी आपल्या पद्धतीची केबिन आणि लाकडी हौदा उभा करतात. ऊसतोडीच्या हंगामातला भरलेला ट्रक, एमएच-२३ ची पाटी, मागे ताडपत्री बांधलेली, हे मॉडेल बीडकडच्या माणसाने करावं तसं दुसऱ्या कुणी करू नये. अशा मॉडेलला जागोजागी पट्ट्या, रिबा आणि खाचा असतात. सगळं चिकटवून झाल्यावर एकदम रंग मारायला गेलात तर खर येणारच. केबिन, झडप, बंपर, शोची (पुढच्या तोंडाची) जाळी, हौद्याच्या तीन बाजू आणि फाळका असे तुकडे वेगळे ठेवा, वेगळे रंगवा, शेवटी जोडा. जोडायच्या जागी मास्किंग टेप लावायला विसरू नका, रंगावर गोंद नीट धरत नाही.

जे वेगळं करता येत नाही तिथे क्रम पाळा. आधी आतले कोपरे आणि खाचा, दाब दहापर्यंत उतरवून, थोडं थोडं. मग खालच्या कडा. मग बाजू. टप सगळ्यात शेवटी, म्हणजे बाजूंचा उडालेला फवारा त्या शेवटच्या ओल्या थरात विरघळून जातो. टप आधी मारलात तर त्यावर बाजूंची भुकटी बसलेली दिसेल. लांब बससाठी तर हे फार महत्त्वाचं. एसटीच्या बसगाड्यांची बांधणी चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होत आलेली असल्यामुळे संभाजीनगरकडच्या पोरांचा लालपरीवर विशेष जीव. तो लाल रंग करड्या प्रायमरवर मळकट दिसतो, झाकण्यासाठी थर वाढत जातात आणि प्रत्येक थराबरोबर खरही वाढते. खाली पांढरा किंवा गुलाबी थर दिला तर लाल दोन-तीन थरांत भरतो. थर कमी, खर कमी.

पंखा, कूलर आणि धूळ

छताचा पंखा बंद. याला पर्याय नाही. पंख्याची हवा फवारा पसरवते, थेंब वाळवते आणि वर पात्यांवरची धूळ खाली आणते.

कूलरचा मात्र उपयोग करून घेता येतो. पाण्याचा कूलर खोलीचं तापमान उतरवतो आणि आर्द्रता चढवतो, म्हणजे ड्राय स्प्रेच्या दोन्ही कारणांवर एकदम घाव. रंगाआधी अर्धा-पाऊण तास खोलीत कूलर चालवा, मारताना बंद करा किंवा त्याचं तोंड फिरवा. थेट झोत मॉडेलवर नको, कारण गवताच्या जाळीतून बारीक तंतू उडतात आणि लाल रंगात अडकलेला गवताचा तंतू काढणं म्हणजे तो भाग पुन्हा रंगवणं. आर्द्रता साठ-पासष्टच्या वर चढू लागली की थांबा, तिथून पुढे वेगळाच त्रास सुरू होतो.

कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते. कोरड्या फडक्याने पुसलं की ती आणखी वाढते आणि आजूबाजूची सगळी धूळ, काळ्या मातीची भुकटी, कापसाचे तंतू, मॉडेलकडे ओढले जातात. रंगाच्या आदल्या रात्री भाग भांड्याच्या साबणाने धुवा, पुसू नका, डब्याखाली झाकून वाळू द्या. रंगाआधी खोलीत फरशीवर पाणी शिंपडा. अंगणात सडा टाकायचं कारण इथेही लागू आहे, धूळ खाली बसते. पॉलिस्टरचा शर्ट घालून बसू नका, धुतलेला सुती चालतो.

धुवायला बोअरचं पाणी वापरत असाल तर शेवटचं विसळणं जारच्या आरओ पाण्याने किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं. वाळल्यावर दरवाज्यांच्या खाचांत क्षाराची पांढरी रेघ राहते आणि तिच्यावर रंग मारला की तीही खरच वाटते. डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-अक्षरं) भिजवायलाही तेच पाणी वापरा.

स्प्रेचा डबा वापरत असाल तर

डब्यात रिटार्डर घालता येत नाही, त्यामुळे हातात वेळ आणि अंतर एवढंच राहतं. एरवी २५-३० सेंटिमीटरवरून मारतो तो डबा उन्हाळ्यात १५ ते २० वरून मारा, पट्टा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. डबा कोमट पाण्यात ठेवा हा सल्ला थंड देशांचा आहे. आपल्याला तो डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लागेल, मे महिन्यात मुळीच नाही. उलट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत डबा ठेवू नका. बहुतेक डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि बंद गाडीत ती उन्हाळ्यात सहज ओलांडली जाते. फुटलेला डबा हा चेष्टेचा विषय नाही.

एअरब्रश असेल तर डब्यातला रंग स्ट्रॉने बाटलीत काढून घ्या, झाकण सैल ठेवून काही तास वायू निघून जाऊ द्या आणि मग लेव्हलिंग थिनर मिसळून मारा. तामियाच्या टीएस डब्यांतले रंग असे फार सुंदर बसतात. डबा भोसकून रंग काढायचा प्रयत्न कधीही करू नका.

हार्डवेअरच्या दुकानातले डबे लोखंड आणि लाकडासाठी बनवलेले असतात. फवारा जाड, द्रावक कडक. धातूच्या डायकास्ट गाडीवर चालतील, प्लॅस्टिकवर सीडीच्या चाचणीशिवाय नको.

पावसाळ्यात उलटं

जुलै-ऑगस्टमध्ये खर जाते आणि रंगावर पांढुरका पडदा येतो, काळ्यावर आणि क्लिअरवर सगळ्यात जास्त. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवा दमट असली की त्या थंड थरावर बाष्प जमून पाणी लॅकरमध्ये अडकतं. उपाय पुन्हा सावकाश उडणारं थिनर, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. पावसाळ्यात मात्र वेळ दुपारची निवडायची, सकाळी हवा सगळ्यात दमट असते. कूलर बंद. कॉम्प्रेसरच्या पाणी-सापळ्यातलं पाणी बैठकीआधी काढा. पडदा आलाच तर घाबरू नका: कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा एक हलका फवारा दिला की बहुतेक वेळा पांढरेपणा निघून जातो.

खर आलीच आहे, आता काय?

आधी थांबा. थर मऊ असताना घासायला गेलात तर रंगाच्या गोळ्या होतात. उन्हाळ्यात वरून तासाभरात वाळल्यासारखा वाटणारा लॅकरही आत ओला असतो. नाकाजवळ धरा. थिनरचा वास येतोय तोवर हात लावू नका, साधारण एक-दोन दिवस.

उडालेल्या फवाऱ्याची वरवरची खर असेल तर थिनरचाच हलका फवारा पुरतो. १० सेंटिमीटरवरून, कमी दाबाने, एक फेरी, आणि थांबून बघा. कण विरघळून सपाट होताना दिसतात. दुसरी फेरी घाईने मारली तर ओघळ येतो.

खर थरातच असेल तर २००० नंबरचा आणि मग ३००० नंबरचा घासायचा पेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून. पेपर गोल गोल फिरवू नका, एका दिशेने चालवा. कडा, रिबा आणि दाराच्या रेषांवर आधीच टेपची बारीक पट्टी लावा, तिथला रंग सगळ्यात आधी उडतो. मग एक ओला थर. मेटॅलिक रंग मात्र असा घासायचा नाही. त्यातल्या धातूच्या पापड्या घासल्या की डाग पडतात. मेटॅलिकवर आधी क्लिअरचे दोन-तीन थर द्या आणि घासायचं ते क्लिअर घासा.

खाचा भरून गेल्या असतील, तपशील बुजला असेल, तर रंग काढून टाकणंच योग्य. तामियाचे अ‍ॅक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने निघतात आणि पॉलिस्टायरीनला त्याने इजा होत नाही. लॅकरला जास्त वेळ लागतो आणि प्रायमर शेवटपर्यंत चिवटपणे धरून राहतो, तो राहू दिला तरी चालतो. दुकानातला पेंट रिमूव्हर फक्त धातूच्या गाडीसाठी, हातमोजे घालून आणि उघड्यावर. प्लॅस्टिकचा भाग त्यात बुडवलात तर बाहेर काढायला काही उरणार नाही.

आणि वाळवण्यासाठी मॉडेल उन्हात ठेवू नका, गच्चीवर तर नाहीच. बंद डब्यात किंवा पत्र्यावर उन्हाची धग पॉलिस्टायरीनला वाकवण्याइतकी चढते. हौद्याच्या लांब फळ्या, आरशांचे दांडे, शिडी, हे आधी वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. सावलीत, झाकून, दोन दिवस.

पहाटे घर बंद ठेवून रंग मारणाऱ्यांनी एवढं नक्की करा. खिडकी आणि एक्झॉस्ट उघडा ठेवा, रासायनिक वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लावा. कापडी मास्क रंगाचे कण थोडेफार अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही. आणि शेजारच्या खोलीत देवघरातली समई किंवा स्वयंपाकाचा गॅस पेटलेला नाही याची खात्री करा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि दाराच्या फटीतून दुसऱ्या खोलीतही पोहोचते.

हे सगळं जमवूनही खर एकाच बाजूला, प्रत्येक फेरीत त्याच दिशेला येत असेल तर हवेचा दोष धरू नका. एअरब्रशची सुई काढून कागदावर फिरवा. टोक वाकलं असेल तर कागदात अडकेल. नोझलच्या आत जुना रंग चिकटला असेल तर फवारा एका बाजूला फाटतो. बाटलीत वर्षभर पडलेल्या रंगाच्या तळाशी गुठळ्या असतात, त्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या.